लक्ष देऊन जगणे : एक प्रस्तावना

सर्जनशीलतेचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे दोन टोकांना जाते. एका टोकाला दैवी देणगीची कल्पना असते. प्रतिभा जन्मतःच मिळते, ती ज्याला मिळाली तो कवी, चित्रकार किंवा शास्त्रज्ञ होतो आणि बाकीच्यांनी लांबून कौतुक करायचे. दुसऱ्या टोकाला हल्लीच्या कार्यशाळा आहेत. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवून आणि चार युक्त्या शिकवून दोन दिवसांत कोणालाही सर्जनशील करून देण्याची तिथे हमी मिळते. ही मते परस्परविरोधी वाटली तरी दोन्ही एकाच पायावर उभी आहेत. सर्जनशीलता ओळखायची ती हाती काय आले यावरून, हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले असते. कविता झाली का, शोध लागला का, नवी वस्तू बाजारात आली का, एवढेच विचारले जाते. ते घडण्याआधीच्या वर्षांत तो माणूस दिवस कसा घालवत होता, त्याचे डोळे कशावर होते, हातातल्या कामाशी त्याचे नाते काय होते, हे प्रश्न मागेच राहतात. माझ्या मते या विषयाचे मर्म तिथेच आहे. सर्जनशीलता ही आधी जगण्याची एक रीत आहे आणि निर्मिती हे तिचे फळ आहे. या रीतीला दोन अंगे आहेत. समोरची गोष्ट जशी आहे तशी, पुरेसा वेळ देऊन पाहणे हे पहिले अंग. मग आयता, ठरीव प्रतिसाद बाजूला ठेवून त्या गोष्टीला साजेसे काही आपल्या परीने करणे, हे दुसरे. पहिल्यावाचून दुसरे पोकळ राहते आणि दुसऱ्यावाचून पहिले अर्धवट.

हे केवळ तत्त्व म्हणून मान्य करण्यात अर्थ नाही. पुरावा पाहायला हवा. तो शोधायला फार लांब जावे लागत नाही, खानदेशात जळगावजवळच्या असोद्याला तो सापडतो. बहिणाबाई चौधरींचा जन्म तिथे १८८० साली झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. ऐन तिशीत वैधव्य आले, पदरी मुले होती, शेतीचे आणि घरचे काम कधी सुटले नाही. गाणी त्या कामातच झाली. पेरणी, कापणी, मळणी, मोट, चूल, जाते, विहीर, सण आणि माणसाचे मन हे त्यांचे विषय. यातला एकही विषय त्यांना मुद्दाम शोधावा लागला नाही. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यातली काही गाणी वेळोवेळी उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. म्हणजे सबंध आयुष्यात या बाईंनी ‘आपले पुस्तक निघणार आहे’ म्हणून एक ओळही रचलेली नाही. वाचक नव्हता, प्रकाशक नव्हता, मानधन नव्हते. सर्जनशीलता तिच्या मालावरूनच मोजायची तर १९५२ च्या आधीच्या बहिणाबाईंना आपण काय म्हणणार? त्या जे जगत होत्या ते पुस्तक निघण्याआधीही तेवढेच सर्जनशील होते. पुस्तकामुळे आपल्याला त्याचा पत्ता लागला, एवढेच.

त्यांच्या सुगरणीच्या खोप्यावरच्या गाण्याकडे जरा जवळून पाहू. शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाने ते लोंबते घरटे पाहिलेले असते. बहुतेकांची नजर त्यावरून नुसती सरकते. बहिणाबाईंची तिथे थांबते. त्या विणकामाचे बारकावे पाहतात, ते काम कोणत्या हत्याराने झाले हे पाहतात, आणि चोचीपलीकडे काहीही नसलेल्या पाखराच्या कामगिरीपुढे दोन हात लाभलेल्या माणसाला उभे करतात. गाण्यातली शिकवण ही वरून चिकटवलेली नाही, ती पाहण्यातूनच निघाली आहे. ते बारीक पाहणे काढून घेतले तर खाली उरेल तो नुसता उपदेश, आणि तसा उपदेश कोणीही करू शकले असते.

याच पाखराकडे याच काळात आणखी एक माणूस टक लावून पाहत होता, म्हणून हे उदाहरण मला विशेष मोलाचे वाटते. सालिम अली १९३० मध्ये बर्लिनहून पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन परतले तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची नोकरी उरली नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. त्या पावसाळ्यात त्यांनी ती चिकाटीने पाहिली आणि १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आपली निरीक्षणे मांडली. घरटे विणतो तो नर. गवताच्या किंवा भाताच्या पात्याला चोचीने खाच पाडायची, कडा धरून उडायचे आणि निघालेली लांब धांदोटी आणून विणायची, असे त्याचे काम चालते. घरटे अर्धे झाले की माद्या येऊन ते पाहतात. एखादीच्या पसंतीस उतरले तर नर ते पुरे करतो, खालची लांब नळी विणतो, आणि मग थोड्या अंतरावर दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे सुरू करतो. नापसंत घरटी अर्धीच लोंबत राहतात. ती अर्धी घरटी पूर्वीही सगळ्यांना दिसत होती. ती अर्धी का राहिली, हा प्रश्न मात्र रोज तिथे जाऊन बसणाऱ्यालाच पडला. नोकरी गेलेली असताना दारापुढच्या झाडावर काय चालले आहे हे पाहण्यात महिने घालवणे, याला व्यवहारी माणूस रिकामपणाचा उद्योग म्हणेल. भारतीय पक्षिशास्त्रातले एक महत्त्वाचे काम त्यातूनच उभे राहिले.

इथे एक आक्षेप साहजिकच येईल. बहिणाबाईंच्या गाण्यात खोपा आहे तो पिलांसाठी जीव टाकणाऱ्या आईचा, आणि शास्त्र सांगते की विणणारा नर असतो. मग त्यांचे पाहणे चुकलेच, आणि चुकीच्या पाहण्याला जाणतेपण कसे म्हणायचे? आक्षेप खरा आहे, तो झटकून टाकता येणार नाही. लक्ष दिले म्हणजे सत्य आपोआप हाती येते, असा माझा दावाही नाही. घरटे कोण बांधते या प्रश्नाचे उत्तर किहीमच्या निरीक्षणात आहे, गाण्यात नाही, आणि त्या प्रश्नापुरता निकाल शास्त्राच्या बाजूने लागतो. पण बहिणाबाईंचा प्रश्न वेगळा होता. एवढ्याशा साधनातून एवढे नेटके काम होऊ शकते, तर साधने हाताशी असलेल्या माणसाचे काय, असे त्या विचारत होत्या. त्या प्रश्नासाठी त्यांनी विणकाम, चोच, फांदीवरचे टांगणे यांकडे जे लक्ष दिले ते अचूकच आहे. एकाच वस्तूकडे दोघांनी मनापासून पाहिले आणि एकाकडून शोधनिबंध झाला, दुसरीकडून गाणे. दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्याने आपली आधीची समजूत त्या घरट्यावर लादून पुढे जाण्याची घाई केली नाही. विज्ञान आणि काव्य यांची पद्धत, भाषा, कसोटी सगळेच वेगळे आहे. पण दोघांची सुरुवात थांबून पाहण्याच्या याच सवयीत होते.

तरीही कोणी म्हणेल की ही दोन असामान्य माणसे झाली, सामान्यांचे काय? त्याचे उत्तर जात्याशी मिळते. पहाटे उठून बायका दळायला बसत. समोरासमोर दोघी, मध्ये जाते, खुंट्यावर दोघींचे हात. एक हात फिरवत असताना दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात मूठमूठ धान्य घालायचे. जास्त पडले तर पीठ जाडे येते, कमी पडले तर दगडावर दगड घासतो. म्हणजे हाताला सतत भान लागते. त्या फिरण्याच्या लयीत ओवी येते. विषय माहेराचा, भावाचा, लेकीचा, सासुरवासाचा, विठ्ठलाचा, दुष्काळाचा, आणि अनेक गावांत बाबासाहेब आंबेडकरांचाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्या संकलित केल्या. पुढे हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून ओव्या गोळा केल्या आणि तो संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. प्रतिभा दुर्मीळ असते, ती निवडक माणसांच्याच वाट्याला येते, असे मानणाऱ्याने या आकड्यापुढे जरा थांबावे. या एक लाख ओव्यांमागे ज्यांना कोणी कवयित्री म्हटले नाही अशा हजारो बायका आहेत, आणि त्यांच्याजवळ कवितेसाठी राखून ठेवलेला वेळ नव्हता. दळणाचाच वेळ त्यांनी जागेपणाने वापरला.

यावर परंपरेचा आक्षेप येतो. ओव्या तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या, आईकडून लेकीला मिळालेल्या. ऐकलेलेच गायचे यात सर्जन कुठले? पण ओवी जशीच्या तशी पाठ म्हणण्याची चीज नाही. सुरुवात ठरलेली असते, चाल ठरलेली असते, आणि त्या चौकटीत गाणारी आपल्या भावाचे नाव घालते, आपल्या गावची वाट घालते, काल घडलेले आज गाते. एकीची ओवी दुसरी उचलते आणि आपल्या अनुभवाला बसेल एवढा बदल करते. तो बदल एखाद्या शब्दाचाच असेल, पण तो करायला आपले जगणे आणि हाती आलेली ओवी यांतला फरक ध्यानात यावा लागतो. ज्या बाईला तो फरक जाणवतो ती केवळ वाहक राहत नाही. आपल्या संतपरंपरेतही हेच दिसते. सावता माळ्याला मळा, गोरोबांना माती, नरहरींना सोनाराची हत्यारे, जनाबाईंना दळण-कांडण. विठ्ठलभक्ती सगळ्यांना सामाईक होती, अभंगाचा घाटही सामाईक होता. प्रत्येकाचे बोलणे वेगळे झाले ते प्रत्येकाने आपल्या हातातल्या कामाकडे नीट पाहिले म्हणून. वारली चित्रांचीही हीच गोष्ट. लग्नघरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणे हे सुवासिनींचे विधीतले काम. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तेच त्रिकोण, वर्तुळे आणि रेषा घेऊन मासेमारीचे जाळे, भातशेती, तारपा नाच असे अवघे रोजचे जगणे त्या भाषेत आणले. परंपरेने त्यांना अक्षरे दिली. पाहिले ते त्यांच्या डोळ्यांनी. परंपरा सर्जनाची वैरी होते ती डोळे मिटून पाळली तरच.

सर्वांत गंभीर आक्षेप याच्या पुढचा आहे. कष्टाचे असे गोडवे गाणे हा पोट भरलेल्यांचा उद्योग नव्हे काय? जात्यावर बसणाऱ्या बाईला ओवीपेक्षा झोपेची गरज जास्त होती. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. गावात पिठाची गिरणी आली, जाते बंद पडले, आणि त्याबरोबर ओवीही मागे पडली. त्यासाठी जाते परत आणावे असे कोणीही म्हणू नये. बायकांची कंबर आणि खांदे मोकळे झाले ही निखळ चांगली गोष्ट आहे. कष्टामुळे ओवी झाली असे माझे म्हणणे नाही, कष्ट असूनही ती झाली असे आहे, आणि या दोन विधानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कष्टातच काव्य असते तर सगळ्या वेठबिगारीतून काव्य उगवले असते. उलट, अति थकव्याने, भुकेने आणि धाकाने माणसाचे भान बोथट होते. म्हणून लक्ष देऊन जगणे ही केवळ एकेकट्याने कमवायची गोष्ट राहत नाही. पुरेशी विश्रांती, थोडी फुरसत, लिहिता येणे आणि आपले ऐकून घेणारे कोणी असणे, याही तिच्या अटी आहेत. बहिणाबाईंची किती गाणी उतरवली न गेल्याने विरून गेली याचा हिशेब आता लागणार नाही. ही हानी निसर्गाने केलेली नाही. मुलींच्या हाती पाटी न देणाऱ्या समाजाने ती केली आहे. ज्या बायकांनी एवढ्या अडचणीत भान जागे ठेवले त्यांना वेळ आणि अक्षर मिळाले असते तर काय झाले असते, हा विचार आपल्याला अस्वस्थ करायला हवा.

वेगळ्या दिशेने येणारा आक्षेप असा की निर्मिती जाणिवेतून होतच नाही, ती नेणिवेतून होते. कवीला ओळ अचानक सुचते, गणितीला स्वप्नात उत्तर दिसते. श्रीनिवास रामानुजन आपल्या सूत्रांचे श्रेय नामक्कलच्या नामगिरी देवीला देत. मग सजगतेचे एवढे स्तोम कशाला? इथे कालक्रम पाहणे उपयोगी ठरते. ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ मध्ये ‘द आर्ट ऑफ थॉट’ या ग्रंथात निर्मितीचे चार टप्पे सांगितले : तयारी, मुरणे, अचानक सुचणे आणि पडताळणी. नेणिवेचा भाग त्यात आहेच, पण तो दोन जागत्या टप्प्यांच्या मध्ये आहे. रामानुजननी शाळकरी वयातच कार नावाच्या लेखकाच्या गणितसंग्रहातली हजारो सूत्रे एकेक करून स्वतः सोडवायला घेतली होती. कागद महाग म्हणून पाटीवर आकडेमोड करायची आणि निष्कर्ष तेवढा वहीत उतरवायचा, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. देवीने सूत्र दिले असे त्यांना मनापासून वाटत असेल. ते घ्यायला बसलेले मन मात्र त्या विषयाशी रात्रंदिवस जडलेले होते. विरजण लावल्यावर दही आपोआप लागते हे खरे, पण दूध आधी तापवून कोमट करून ठेवलेले असावे लागते.

दादासाहेब फाळक्यांच्या एका लहानशा कामात ही तयारी डोळ्यांनी पाहता येते. १९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांनी या धंद्यात पडायचे ठरवले, पुढच्या वर्षी लंडनला जाऊन यंत्रसामग्री आणली. पैसे लावणाऱ्यांची खात्री पटवायला त्यांनी युद्ध, नाच किंवा चमत्कार चित्रित केला नाही. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि रोप वाढताना ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत राहिले. दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढते, हे सगळे पडद्यावर थोड्या वेळात उलगडले. रोप रोजच वाढते आणि आपल्याला ते वाढताना कधीच दिसत नाही, कारण आपण तेवढा वेळ तिथे थांबत नाही. फाळक्यांनी थांबण्यासाठी यंत्राला कामाला लावले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला तेव्हा त्यामागे हा वाटाणा होता. भारतीय चित्रपटाच्या आरंभी एका रोपाकडे दिलेले इतके धीराचे लक्ष आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

शेवटचा आक्षेप दर्जाचा. प्रत्येक सजग माणूस सर्जनशील म्हटला तर थोर कलाकृती आणि किरकोळ हातखंडा यांत फरक काय राहिला? फरक राहतो आणि तो राहायलाच हवा. कलाकृती जोखण्याच्या कसोट्या वेगळ्या आहेत. तिथे भाषेवरची हुकमत लागते, घाट लागतो, तालीम लागते, आणि तिथे सवलत देणे हा कलेचा अपमान आहे. लक्ष देऊन जगणारा प्रत्येक जण बहिणाबाई होणार नाही. पण ज्याने कधीच कशाकडे नीट लक्ष दिले नाही, तो कितीही तंत्र शिकला तरी कलाकार होणार नाही. जगण्याची रीत सर्वांना खुली आहे, कलेतली सिद्धी थोड्यांना मिळते. पहिलीशिवाय दुसरी मिळत नाही, एवढाच माझा आग्रह आहे. याच ठिकाणी एक इशाराही द्यायला हवा. सजगता हल्ली बाजारात विकली जाते ती बहुतेक वेळा स्वतःच्या श्वासापुरती आणि मनःशांतीपुरती. त्याचा उपयोग ज्याला होतो त्याने जरूर करावा. पण इथे ज्या लक्षाबद्दल बोलणे चालू आहे त्याचे तोंड बाहेरच्या जगाकडे आहे. दाणा, घरटे, पीठ, शेजारीण, अन्याय, यांच्याकडे. सतत स्वतःला न्याहाळणारा माणूस कामात अडखळतो. काम करता करता स्वतःला विसरणाऱ्याचा हात मोकळा चालतो.

या विषयाकडे आज वळण्याची निकड आहे, कारण लक्ष हीच वस्तू आपल्या हातून सर्वांत वेगाने निसटते आहे. फोनच्या पडद्यावर ज्या क्षणी एखादी गोष्ट दिसते त्याच क्षणी पुढची तिला ढकलून देते. शाळेत प्रश्नाबरोबर उत्तर छापून येते, आणि आता तर सांगितले की हवा तो मजकूर यंत्रही लिहून देते. साधनांना दोष देण्यात अर्थ नाही; फाळक्यांचा कॅमेराही यंत्रच होता. आपण यंत्र लावतो ते अधिक वेळ पाहता यावे म्हणून, की पाहणेच टळावे म्हणून, एवढे प्रत्येकाने स्वतःशी तपासावे.

वाचकांना दोन गोष्टींची विनंती आहे. एक म्हणजे, रोज हातून जाणारे कुठलेही एक काम निवडा, स्वयंपाक असो, हिशेब असो, शिकवणे असो की शेत, आणि त्याकडे काही दिवस असे पाहा की त्यातले आजवर न दिसलेले काही तुम्हाला दुसऱ्याला सांगता येईल. दुसरी अधिक तातडीची. तुमच्या घरात, वाड्यात, गावात ओव्या येणारी एखादी आजी असेल तर तिच्यापाशी बसा, तिच्या ओव्या तिच्याच बोलीत लिहून घ्या, आवाज ध्वनिमुद्रित करा, आणि खाली तिचे नाव व गाव घाला. जाते थांबलेले आहे, ओव्या येणाऱ्या बायका वर्षागणिक कमी होत आहेत, आणि हे काम पुढच्या पिढीवर टाकता येणार नाही.